भायखळ्याचें संग्रहालय आणि पाटणचा मठ

दीपनगर हें गांव नांवाप्रमाणेंच दिव्यांचें आहे. भुसावळजवळ १९६८ सालीं औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि त्याच्या आश्रयानें जी वसाहत वाढली तिला हें सुंदर नांव मिळालें. तो पहिला संच आतां निवृत्त झाला असून त्याच्याहून कित्येक पट मोठे संच पुढें उभे राहिले. निवृत्त यंत्राविषयीं निवृत्त मास्तरास थोडी आपुलकी वाटावी हें स्वाभाविकच होय! येथल्या मुलांच्या डोळ्यांपुढें तीं उंच धुराडीं दिवसरात्र असतात. परंतु कोळशाची वीज कशी होते असें विचारलें तर बहुतेकांचें बोट धुराड्याकडे जातें आणि तेथेंच थांबतें. म्हणून आम्हां चार-पांच वृद्धांच्या मनांत आलें कीं, गांवांत एक लहानसें विज्ञानदालन असावें. जागा कोणती, खोली केवढी, उद्‌घाटनास कोणास बोलवावें, ही चर्चा चांगलीच रंगली. पुढें दरमहा दिवाबत्ती आणि झाडलोट कोणाच्या पैशानें व्हावयाची, असा प्रश्न मीं काढला तेव्हां मात्र मंडळी घड्याळाकडे पाहूं लागली.

प्रश्न कुत्सितपणाचा नव्हता. मी ज्या शाळेंत नोकरी केली तेथें एका दात्यानें प्रयोगशाळा बांधून दिली होती. संगमरवरी पाटी, कांचेचीं कपाटें, परदेशी सूक्ष्मदर्शक, सर्व कांहीं यथास्थित. पांच-सहा वर्षांत स्पिरिटच्या दिव्यांतलें स्पिरिट संपलें, परीक्षानळ्या फुटल्या त्या फुटल्याच राहिल्या, आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी धरली. वर्षाकाठीं थोडेसे रुपये मागितले कीं चालकांकडून उत्तर येई, "एवढी इमारत मिळाली, आतां आणखी काय हवें?" इमारत हें दान आणि स्पिरिट हा खर्च, अशी आपल्याकडे समजूत आहे. दान करणारास पुण्य लागतें. खर्च मागणारा मात्र सर्वांस नकोसा होतो.

गेल्या हिवाळ्यांत मुंबईस जाण्याचा योग आला तेव्हां, या जातीचें त्या शहरांतील सर्वांत जुनें घर पाहून यावें, असें मनाशीं ठरविलें. भुसावळास रात्रीं गाडींत बसलों, पहांटे दादरास उतरलों आणि लोकलनें भायखळा गांठलें. स्टेशनापासून राणीच्या बागेपर्यंत माझ्यासारख्यालाही चालत जातां येतें. बागेच्या दाराशीं लेंकुरवाळ्या मंडळींची ही गर्दी होती. सर्वांची धांव पेंग्विन पक्ष्यांकडे. शेजारच्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळणारे आम्ही मोजके होतों. आवारांत एक दगडी हत्ती आहे. घारापुरीच्या बेटास परकीयांनीं ज्याच्यावरून नांव दिलें तोच हा. इ.स. १८६४ मध्यें त्याला विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो पडून फुटला, आणि १९१४ सालीं तुकडे जुळवून पुन्हां उभा करण्यांत आला. संग्रहालयाचा द्वारपाल म्हणून याहून योग्य प्राणी शोधून सांपडला नसता, हें पुढील हकीकतीवरून ध्यानांत येईल.

लंडनचें १८५१ चें महाप्रदर्शन आणि पॅरिसचें १८५५ चें, यांसाठीं हिंदुस्थानांतून नाना जिन्नस पाठविले गेले. त्यांचेच जोडनमुने मुंबईंत ठेवावे, या विचारांतून संग्रहालय निघालें. येथें कोणता कापूस पिकतो, तेलबिया कोणत्या, लांकूड, खनिजें, रंग कोणते, हें व्यापाऱ्यास एका छपराखालीं दिसावें, असा हेतु. तो स्वार्थी होता, यांत संशय नाहीं; परंतु ज्ञानाच्या पुष्कळशा शाखा अशाच स्वार्थाच्या खतावर वाढल्या आहेत. कोटांतील टाऊन बॅरॅक्स नांवाच्या सैनिकी इमारतींत या वस्तु मांडल्या होत्या. दोन वर्षें होतात न होतात तोंच १८५७ चें साल उजाडलें. सैन्यास जागा हवी झाली. नमुने घाईघाईनें बाहेर काढण्यांत आले आणि त्यांत पुष्कळांचा नाश झाला. ही पहिली बंदी.

दुसरा प्रयत्न नागरिकांचा. १८५८ च्या डिसेंबरांत सभा भरली. नाना शंकरशेट पुढारी झाले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांतले डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी चिटणीस झाले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं कोनशिला बसविली. तें सालच भारी होतें. अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि मुंबईवर सोन्याचा पाऊस पडूं लागला. त्या पावसाचे ढग आमच्या खानदेशांतून आणि वऱ्हाडांतून गेलेले होते, हें मुंबईकर सहसा सांगत नाहींत. जळगांव हें त्या तीन-चार वर्षांत कापसाची मोठी पेठ बनलें. कापूस आमचा, भाव मुंबईचा, आणि त्यावर चढलेली धुंदी शेअरबाजाराची! समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर दर्शनी किंमतीच्या अनेक पटींनीं विकले जात होते. अशा दिवसांत वर्गणी मागणें सोपें असतें. देणारा स्वतःच्या पैशांतून देत नाहीं, उद्यांच्या नफ्यांतून देतो.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपलें. कापूस कोसळला, जुलैच्या आरंभीं बाजार कोसळला, पेढ्या आणि बँका बुडाल्या. जळगांवची पेठही त्याच तडाख्यांत सांपडली. त्याच जुलैच्या ३१ तारखेस नाना शंकरशेट वारले. भाऊ दाजींचें स्वतःचें द्रव्य त्या लाटेंत गेलें. संग्रहालयाच्या अर्धवट भिंती उभ्या, आणि समितीच्या हातीं पैसा नाहीं! शेवटीं सरकारनें काम अंगावर घेऊन पुरें केलें, आणि २ मे १८७२ रोजीं दारें उघडलीं. पुढें दोनच वर्षांनीं डॉक्टर निवर्तले.

आंत पाऊल टाकतांच दृष्टि वर जाते. ओतीव लोखंडाचे नाजुक खांब, सोन्याचा मुलामा दिलेलें नक्षीकाम, आणि मध्यें राणीचा पति आल्बर्ट याचा पुतळा. बाहेरून ग्रीक-रोमन थाटाचें शांत घर. आंत मात्र सणाचा दिवस. मी वरच्या मजल्यावर अधिक रमलों. तेथें मातीच्या लहान लहान मूर्ति आहेत: नाना जातींचीं पागोटीं, नाना धंद्यांतले कारागीर, कोणी विणतो आहे, कोणी घडवितो आहे. एका मुलानें आपल्या आईला विचारलें, "हे सगळे खेळ कां?" आई म्हणाली, "नाहीं रे, हीं आपलीं माणसें." मला हें उत्तर पसंत पडलें.

परंतु हें आजचें रूप. १९२२ सालीं कोटांत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम उघडल्यावर भायखळ्याचें घर मागें पडलें. तें नगरपालिकेच्या पदरीं होतें आणि तिच्या पदरीं पाणी, गटारें, रस्ते अशीं अधिक आरडाओरड करणारीं मुलें असल्यामुळें या अबोल मुलास शिळेंपाकें मिळालें, एवढेंच म्हणतां येईल. १९७५ सालीं त्याला भाऊ दाजींचें नांव मिळालें. नांवानें गळती थांबत नाहीं. शतकाच्या अखेरीस छत, रंग, कपाटें सर्वच खंगलीं. २००३ मध्यें महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक अशा तिघांचा करार होऊन जीर्णोद्धार झाला. युनेस्कोनें २००५ सालीं त्याचा गौरव केला आणि २००८ च्या जानेवारींत तें पुन्हां लोकांस खुलें झालें. नंतर २०२० च्या साथींत दार लागलें, त्याला दुरुस्तीचें कारण जोडलें गेलें, आणि तें उघडण्यास २०२५ चा जानेवारी उजाडला. इतक्या वेळां मिटून उघडलेला डोळा दुसरा नसेल.

मिटलेला डोळा उघडणें हें भाग्य मात्र सर्वांस लाभत नाहीं. पुण्यास सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं एक वेधशाळा झाली होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं १८८२ मध्यें ५,००० रुपये दिले होते, सरकारनें तितकेच घातले, आणि कावसजी नायगमवाला या प्राध्यापकानें ती उभी केली. तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास सूर्यग्रहण त्यांनीं सोलापुराकडील जेऊर येथें तळ देऊन पाहिलें. १९१२ सालीं नायगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळाही त्यांच्याबरोबर निवृत्त झाली! यंत्रें कोडाईकनालास गेलीं. एका माणसाच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर एका शास्त्राचें घर बंद झालें.

आतां भाऊ दाजींकडे पुन्हां येतों, कारण त्यांच्याच हातून मला आमच्या खानदेशांतला एक जुना दाखला मिळाला आहे. ज्या १८६५ सालीं त्यांच्या संग्रहालयाचा पैसा आटला, त्याच सालीं त्यांचा आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य आदि ज्योतिर्विदांच्या काळाविषयींचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें प्रसिद्ध केला. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील देवीच्या देवळांत त्यांस सांपडलेला शिलालेख त्यांतच प्रथम छापला गेला. दिवसां रोगी तपासावे आणि रात्रीं शिलालेखाचे ठसे वाचावे, अशा या पुरुषास स्वतःच्या फसलेल्या निधीची आठवण तो लेख वाचतांना झाली असेल काय, असा विचार माझ्या मनांत वारंवार येतो.

शके ११२८ चा हा लेख असा आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणि आणि घराण्यांतील इतर ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यानें पाटणास मठ स्थापिला. तेथला मांडलिक निकुंभवंशीय सोइदेव यानें श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या दिवशीं त्यास देणगी दिली. लेखाचा पूर्वभाग संस्कृत आहे, व उत्तम संस्कृत आहे. पण देणगीची यादी आली कीं लेख जुन्या मराठींत उतरतो. कारण ती यादी पंडितांनीं वाचावयाची नव्हती, पेठेंतल्या लोकांनीं वाचावयाची होती. पाटणच्या बाजारांत जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठास दिला. गांवांत जितके तेलाचे घाणे वाहतील तितक्या घाण्यांमागें पळी पळी तेल. मोजमाप मठाच्या मापानें व्हावें, आणि मापणावळींतली अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची. शिवाय जमीन.

मला या यादीनें अंगावर रोमांच उभे केले. कोठेंही मोठी रक्कम नाहीं. घाणेकऱ्याला पळीभर तेल जड जात नाहीं, आणि मठांतला विद्यार्थी मात्र त्या तेलावर रात्रीं गोलाध्याय वाचूं शकतो. कापसाचा भाव चढो कीं पडो, पाटणास तेल गाळलें जाणारच. भायखळ्याच्या समितीस तेजी मिळाली; पाटणच्या मठास रोजचा घाणा मिळाला. मठ आज नाहीं हें खरें. राज्यें बुडालीं, पेठ उठली, घाणे थांबले, तेव्हां तोही गेला. परंतु तो गांवाबरोबर गेला, बाजारभावाबरोबर नव्हे.

दीपनगरास परत आल्यावर हा लेख मीं आमच्या मंडळींपुढें वाचला. एकजण म्हणाले, "मास्तर, आतां घाणे कोठले?" दुसरे, जे वीजकेंद्रांत फोरमन होते, त्यांनीं वसाहतींतलीं दुकानें बोटांवर मोजावयास सुरुवात केली. माघांत आम्ही चौघे पाटणास जाऊन आलों.

जाऊं इच्छिणारांनीं चाळीसगांवास उतरावें. तेथून पाटणादेवी सुमारें १८ किलोमीटर आहे. डोंगर आतां गौताळा अभयारण्यांत मोडतो. रस्ता शेवटीं झाडींत शिरतो आणि ओढे ओलांडतो, म्हणून भर पावसांत वृद्धांनीं जाऊं नये. नवरात्रांत गर्दी फार असते, लेख निवांत पाहावयाचा तर तेव्हांही नको. वर पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत, ज्यांचे गुडघे शाबूत असतील त्यांनीं तींही पाहावीं. अक्षरें बारीक आणि झिजलेलीं आहेत. आम्हीं सकाळच्या तिरप्या उन्हांत पाहिलीं. फोरमन-साहेबांनीं चष्मा पुसून दोन वेळां वांकून पाहिलें आणि तेलाची ओळ नेमकी कोणती तें मला विचारून घेतलें.