एका दिवसात अवघा जिल्हा!



खरिपाचे धान कापून, मळून, विकून झाले आणि उन्हाळी धानाच्या रोवणीला अजून थोडा अवकाश असला, की घरात एक विषय हमखास निघतो. 'वर्षभर चिखलात राबलो, आता कुठे तरी जाऊन येऊ.' हे म्हणणे अगदी रास्त आहे. विशेषतः घरातल्या बायामाणसांना माहेर, बाजार आणि दवाखाना सोडून चौथे ठिकाण क्वचितच पाहायला मिळते. आणि नेमक्या याच दिवसांत पानठेल्यावर आणि पिठाच्या गिरणीवर सहलीचे कागद चिकटतात: 'एका दिवसात अवघा गोंदिया जिल्हा! जेवणासह, मार्गदर्शकासह!'

अशा एका सहलीला गेल्या पौषात मी, माझ्या घरची मंडळी आणि ओळखीची दोन शेतकरी कुटुंबे मिळून गेलो. तिची हकीकत आज तुम्हाला सांगतो. कोणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत. पण तुमचे पैसे आणि तुमचा मोकळा दिवस, दोन्ही कष्टाचे आहेत. ते कसे जातात हे आधी कळलेले बरे.

पैशाचा हिशेब पहिल्यांदा करू. माणशी भाडे सातशे रुपये. हमीभावाने धरले तर हे सुमारे तीस किलो धान झाले. म्हणजे चार माणसांच्या घराने एका दिवसासाठी जवळजवळ सव्वा क्विंटल धान मोजले. एवढे धान पिकवायला रोवणीपासून मळणीपर्यंत किती हात लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कागदावर ठिकाणे होती सहा: नागझिऱ्याचे जंगल, नवेगावबांधचा तलाव, इटियाडोह धरण, तिबेटी वसाहत, प्रतापगड आणि हाजरा धबधबा. जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. नागझिरा पश्चिमेला, नवेगाव, इटियाडोह आणि प्रतापगड दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आणि हाजरा पार दुसऱ्या टोकाला सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ. सगळी फेरी अडीचशे किलोमीटरच्या वर जाते. त्यात पौषातला दिवस लहान. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

सकाळी सहाची गाडी सव्वासातला हलली. मार्गदर्शक म्हणून एक तरुण पोरगा होता. हातात वेळापत्रकाचा कागद आणि गळ्यात शिट्टी. पोरगा सालस होता, धावपळ करत होता, पण आपल्या भागातला नव्हता. त्याला जे ठाऊक होते ते मोबाईलवर वाचलेले.

नागझिऱ्याच्या फाटकावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिथे कळले की सहलीची बस आत जात नाही. परवानगी काढलेल्या जिप्सीतून, ठरलेल्या वेळेच्या फेरीत, वाटाड्याला बरोबर घेऊनच आत जाता येते, आणि सकाळच्या गाड्या तर केव्हाच आत गेल्या होत्या. मंडळींनी फाटकासमोर उभे राहून फोटो काढले. शिट्टी वाजली. 'नागझिरा झाले,' असे म्हणून पोराने कागदावर खूण केली.

नवेगावला पोहोचायला साडेअकरा झाले. इथे चाळीस मिनिटे मिळणार होती. त्यातली वीस-पंचवीस चहात आणि बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. आमच्यात शेजारच्या गावच्या सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांच्या मालकांनी हयातभर गावतलावाचे पाणी बांध्यांना वाटून द्यायचे काम केले होते. नवेगावच्या तलावाची गोष्ट त्या त्यांच्या तोंडून ऐकत आलेल्या. त्यांना जंगल नको होते की धबधबा नको होता. एवढ्या मोठ्या तलावाची पाळ केवढी आणि त्याचे तुडुम कसे, म्हणजे पाणी सोडायची जागा कशी, हे एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

पोराने काठावर उभे राहून सांगायला सुरुवात केली, की हा तलाव इंग्रजांच्या काळात बांधला. आजी तिथल्या तिथे म्हणाल्या, "इंग्रजानं कायले बांधावं बापा? हा तं कोलू पाटलाचा तलाव होय." पोरगा ओशाळून हसला. त्याला पुढे ऐकायचे होते, असे मला वाटले. पण घड्याळ पाहून त्याने शिट्टी वाजवली. आजी पाळीच्या तोंडापर्यंतच पोहोचल्या होत्या. दोन पावले पुढे टाकून त्या थांबल्या, वळल्या, आणि बसमध्ये येऊन बसल्यावर एवढेच बोलल्या, "आता काही माहं पुन्हा येणं होत नाही."

पुढचे थोडक्यात सांगतो. जेवणाचे डबे धावत्या बसमध्ये उघडले. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणावर वीस मिनिटे. तिबेटी वसाहतीत पंधरा मिनिटे, आणि तिथे बऱ्याच घरांना कुलपे. प्रतापगड खिडकीतून दाखवला. हाजऱ्याला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पाण्याचा बारीक आवाज ऐकू आला, पाणी काही दिसले नाही. रात्री सव्वानऊला गोंदिया. घरी येऊन हिशेब मांडला: एकूण चौदा तास. त्यातले दहा बसच्या बाकावर, अडीच चहा-जेवण आणि रांगेत, आणि पाहण्यात उणापुरा दीड तास. सहा ठिकाणी मिळून!

आता मंडळी, यात चुकले काय? गाडी उशिरा सुटली, हे खरे. पण ती वेळेवर सुटली असती तरी फार फरक पडला नसता. खरी चूक वेळापत्रक आखतानाच झाली होती. शेतीत आपण वाफसा पाहतो. वाफसा नसताना नांगर घातला तर ढेकळे निघतात, आणि उशिरा रोवलेल्या धानाला फुटवे कमी येतात. ठिकाणांचेही असेच आहे. प्रत्येक ठिकाणाचा एक हंगाम असतो आणि दिवसातली एक वेळ असते. ती चुकली की हाती ढेकळेच.

हाजरा धबधबा पाहायचा तो श्रावणापासून आश्विनापर्यंत, ओढ्याला भरपूर पाणी असताना, आणि तोही दिवसाउजेडी. पौषात धार बारीक असणारच. नागझिऱ्याला जायचे तर परवानगी आधी काढून, पहाटेच्या फेरीला. हे अभयारण्य १९७० चे. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ चे. २०१३ मध्ये ही आणि शेजारची जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा नियम कडक असणार हे उघडच आहे. तिबेटी वसाहत १९७२ च्या सुमारास वसली. तिथले लोक शेती करतात, पण हिवाळ्यात कित्येक कुटुंबे गरम कपडे विकायला शहरोशहरी जातात. म्हणून घरांना कुलपे होती. त्यांचे नवे वर्ष, लोसर, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हा गेलात तर माणसे भेटतील. प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरते, आणि सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड बांधवांची मोठी रीघ लागते. गर्दी सोसत असेल तर त्या दिवसांत जावे, म्हणजे ठिकाणाबरोबर माणसांची श्रद्धाही पाहायला मिळते.

आणि नवेगाव? त्याचा हंगाम मात्र हिवाळाच. बाहेरदेशीची बदके याच दिवसांत पाण्यावर उतरतात. फक्त वेळ चुकली. ती पहाटे पाहावीत. साडेअकराच्या उन्हात ती दूर पाण्याच्या मध्यावर ठिपक्यांएवढी दिसतात.

पण शेतकऱ्याने नवेगावला जायचे ते केवळ पक्ष्यांसाठी नाही. हा तलाव आपल्याच माणसांचे काम आहे. 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीत, मधल्या फटी बांधून काढून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर म्हणून देवपण दिले. तलावाचा विस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. सिमेंट नव्हते, यंत्रे नव्हती. माती, दगड, बैल आणि माणसांचे हात एवढ्यावर ही पाळ उभी राहिली. टेकड्यांचा उतार कुठे मिळतो, कमीत कमी पाळ घालून जास्तीत जास्त पाणी कुठे अडते, हे ज्याने ओळखले त्याच्याकडे आमच्यासारखी पदवी नव्हती, पण पाण्याची नजर होती.

या पाळीवरून सावकाश चालले की आपल्या गावच्या तलावाकडे पाहायची दृष्टी मिळते. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्याला जमीन, असा रिवाज होता. त्यातून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो तलाव आणि बोड्या झाल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. पण त्याबरोबर पाळ बुजवणे, गाळ काढणे, पाट साफ करणे ही वहिवाटही हळूहळू गेली. तलाव कोणाचाच राहिला नाही. आज कितीतरी गावतलावांत गाळ भरला आहे, काठाला बेशरम माजली आहे. ढिवर बांधवांना मासे कमी मिळतात, आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचत नाही. आजींना जे पाहायचे होते, ते म्हणूनच मोलाचे होते. त्यांच्या मालकांसारखी पाणी वाटणारी माणसे बहुतेक गावांत आता उरलेली नाहीत. निदान ते शास्त्र नातवंडांना दाखवून ठेवायला नको का?

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावला कित्येक वर्षे काढली. गावातल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून त्यांनी इथली पाखरे आणि झाडे समजून घेतली. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांमुळे नवेगाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. ते चाळीस मिनिटांत झालेले काम नव्हते, आणि एकट्याने झालेले तर नव्हतेच.

तेव्हा वाचकहो, सहलीला जरूर जा. मात्र पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. ठिकाणे किती, आणि प्रत्येक ठिकाणी खाली उतरून किती वेळ? कोणत्या ठिकाणी किती वाजता पोहोचणार? माहिती सांगणारा माणूस त्या गावचा आहे का? आणि बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. सोय नाही म्हणून कित्येक बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग दोन दिवस आजारी पडतात. चारांपैकी दोन प्रश्नांना जरी 'पाहू, होऊन जाईल' असे उत्तर आले, तरी पैसे कनवटीला ठेवा.

त्याहून बरे म्हणजे बचत गटाच्या बाया किंवा शेजारची चार घरे मिळून आपणच सहल ठरवा. एका दिवसाला एकच ठिकाण. नवेगावबांध गोंदियाहून साधारण ६५ किलोमीटर. एसटीने जाता येते. चांदाफोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेने गेलात तर देवळगाव हे जवळचे स्टेशन. आदल्या रात्री जवळपासच्या नातलगांकडे मुक्काम करता आला तर उत्तमच, पहाट हाती लागते. गावातला एखादा जाणता ढिवर किंवा म्हातारा शेतकरी बरोबर घ्या आणि त्याच्या दिवसाची मजुरी त्याला द्या. ती फुकट जाणार नाही. पाळीवरून चाला. तुडुम कुठे, जास्तीचे पाणी कुठून निघून जाते, पाट कोणत्या बांध्यांकडे वळतात, ते मुलांना बोट धरून दाखवा. भाकरी पाळीवर बसून खा आणि उरलेला कागद-प्लास्टिक घरी परत आणा.

परत आल्यावर एक दिवस आपल्या गावच्या तलावावरही अशीच फेरी मारा. गाळ किती साचला आहे ते पाहा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेसारख्या कामांतून तलावाचा गाळ शेतात नेता येतो. सध्या काय सोय आहे याची चौकशी ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या कार्यालयात करा. हलक्या जमिनीला तो गाळ फार मानवतो.

आणि घरात कोणी म्हातारे माणूस अमुक एक ठिकाण पाहायचे म्हणत असेल, तर त्यांना सहा ठिकाणांच्या गाडीत बसवू नका. त्या एकाच ठिकाणी न्या, आणि परत निघायची वेळ त्यांना ठरवू द्या.