'गुड'चं वजन

पाचवीत इंग्रजी सुरू झालं, तेव्हा वहीत बाईंचं लाल शाईतलं 'गुड' मिळालं की ती वही घरभर फिरायची. पुढे व्याकरणात त्याच्या पायऱ्या पाठ केल्या : गुड, बेटर, बेस्ट. आपल्याकडे चांगला, चांगली, चांगलं असं नामाच्या मागे धावावं लागतं. इंग्रजी विशेषण कुणासाठी जागचं हलत नाही, याचंच तेव्हा मोठं सुख होतं.

त्याचा भाव मात्र हलतो. केंद्र सरकारच्या नोकरीत दरवर्षी 'सीआर' म्हणजे गोपनीय अहवाल भरले जायचे. शेऱ्यांची उतरंड ठरलेली : आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, अ‍ॅव्हरेज. शब्दकोशात 'सिन्सिअर' म्हणजे प्रामाणिक, मनापासून काम करणारा. अहवालात पुढे 'इंटेलिजंट' नसेल, तर वाचणारा समजून जायचा : माणूस राबतो, पण डोकं बेताचंच. सचोटीच्या रकान्यात 'बियाँड डाउट' हवं. तिथे नुसतं 'ऑनेस्ट' आलं तर भुवया उंचावत. जे लिहिलं त्याइतकंच जे लिहिलं नाही तेही वाचलं जाई.

सीमा सडक सेवेतले अभियंता देव दत्त यांचा खटला याच 'गुड'वरून सर्वोच्च न्यायालयात गेला. बढतीसाठी सलग पाच वर्षं 'व्हेरी गुड' लागायचं. 1993-94 सालचा त्यांचा शेरा होता 'गुड', आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचा असा नियम. 'गुड' प्रतिकूल कसा, असा सरकारी युक्तिवाद. 2008 साली न्यायालयाने निकाल दिला : ज्या 'गुड'मुळे बढती अडते, तो प्रतिकूलच, आणि शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे.

पुढे विशेषणांऐवजी एक ते दहा गुण आले. पण बढतीच्या वेळी सहा ते आठच्या आतले गुण 'व्हेरी गुड', चार ते सहाच्या आतले 'गुड', असं त्यांचं पुन्हा विशेषणच व्हायचं.

आता नात्यागोत्यातली पोरं परदेशी अर्जासाठी शिफारसपत्राचा मसुदा तपासायला आणतात. त्यात 'हार्डवर्किंग', 'डेडिकेटेड' यांची रांग असते. मी विचारतो, हे वाचणाऱ्याच्या टेबलावर आज अशी किती पत्रं असतील? सगळ्यांत 'एक्सलंट' असेल, तर तुझ्या 'एक्सलंट'ला भाव काय? मग एखादं विशेषण खोडून तिथे पोराने केलेलं एखादं काम लिहायला लावतो. कामाला उतरंड नसते.