सभागृहातून आलेले शब्द

माझं इंग्रजी शाळेत पाचवीला सुरू झालं, पण घडलं ते दूरदर्शनवरच्या राजकारणाने. आम्ही औसा तालुक्यातले, लातूर जिल्हा. वडील तहसील कचेरीत कारकून. निवडणूक लागली की त्यांना ड्यूटी ठरलेलीच: आधी मतदार याद्या, मग मतपेट्या, शेवटी मतमोजणी. घरात राजकारणावर मतं फारशी मांडली जात नसत, सरकारी नोकराचं घर होतं. मात्र निवडणूक कशी चालते हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त, हे मला अपूर्णांक शिकण्याआधी माहीत होतं.

1989च्या नोव्हेंबरात लोकसभेचे निकाल लागत होते. मतं कागदी, त्यामुळे मोजणी रात्रंदिवस चालायची आणि दूरदर्शनही त्यासोबत जागायचं. मधेमधे सिनेमा लावायचे. आई तेवढ्यात स्वयंपाक उरकून घ्यायची. सिनेमा थांबला की पडद्यावर प्रणय रॉय आणि विनोद दुआ. रॉय इंग्रजीत सांगायचे, दुआ तेच हिंदीत उलगडायचे. मराठवाड्यातल्या पोराला हिंदी कानावरून येतेच, त्यामुळे इंग्रजी वाक्य ऐकायचं, मनात धरून ठेवायचं आणि दुआंची वाट बघायची, असा माझा क्रम लागला. इतका चांगला शिक्षक मला पुढे कुठल्याही वर्गात भेटला नाही. ‘स्विंग’ तिथेच कळला: मागच्या निवडणुकीपेक्षा किती टक्के मतं इकडची तिकडे गेली. काँग्रेस 197 जागांवर थांबली, कुणालाच बहुमत नाही, आणि ‘हंग पार्लमेंट’ हे शब्द पुढे आठवडाभर घराघरात ऐकू येत राहिले. मोजणीहून परतलेले वडील सुजलेल्या डोळ्यांनी टीव्हीसमोर बसले आणि म्हणाले, ‘‘आता बाहेरून पाठिंबा.’’ ‘आउटसाइड सपोर्ट’ मी वहीत आधीच लिहून ठेवला होता.

वहीत शब्द देवनागरीत लिहायचे, कारण स्पेलिंग माहीत नसायचं. अडचण डिक्शनरी उघडल्यावर यायची. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्याला ‘सेफॉलॉजिस्ट’ म्हणतात, हे ऐकून मी एसची पानं चाळत बसले. तो शब्द पीने सुरू होतो, हे पुढे कधीतरी वाचनालयातल्या इंग्रजी पेपरात तो दिसला तेव्हा समजलं. कान आणि डोळा यांची अशी भेट झाली की तो शब्द पुन्हा विसरत नसे.

मग संसदेतला प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर दाखवायला लागले. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते शिवराज पाटील चाकूरकर, आमच्याच लातूरचे खासदार. लोक त्यांना बघायला टीव्ही लावायचे, मी ऐकायला लावायची. त्यांचं इंग्रजी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा, एक वाक्य पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात न घालणारं. ‘सप्लिमेंटरी’, ‘स्टार्ड क्वेश्चन’, ‘ऑन द टेबल ऑफ द हाउस’. तारांकित प्रश्न म्हणजे काय, हे वडिलांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबईत विधानसभेत कुणी प्रश्न विचारला की ‘तात्काळ माहिती सादर करावी’ असं पत्र वरून खाली येत येत त्यांच्याच टेबलावर थांबायचं, आणि त्या रात्री ते उशिरा घरी यायचे. मंत्री उत्तर वाचायला उभा राहिला की वडील म्हणायचे, ‘‘हे खाली कुणीतरी कारकुनाने लिहिलंय.’’ त्यांच्या आवाजात अभिमान असायचा.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यात. त्याआधीचा दिवस गणपती विसर्जनाचा, लोक रात्री उशिरा झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. आमच्या नात्यातलीही. त्यानंतरचे कित्येक आठवडे इंग्रजी बातम्यांत, चर्चांत आमच्या गावांची नावं वेड्यावाकड्या उच्चारांत येत राहिली आणि त्यांच्या मागेपुढे ‘एपिसेंटर’, ‘रिलीफ’, ‘रिहॅबिलिटेशन’, ‘एक्स ग्रेशिया’. हे शब्द मी वहीत लिहिले नाहीत. लिहावेसे वाटले नाहीत. पण ते न लिहिताच राहिले, माझ्यात आणि सगळ्या तालुक्यात. पुनर्वसनासाठी गावांची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली. ‘ए’ म्हणजे गाव उठवून नव्या जागी वसवायचं, अशी 52 गावं होती. ‘सी’ म्हणजे दुरुस्ती. शाळेची पायरी न चढलेली माझी आत्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून विचारायची, ‘‘आमची कॅटेगरी का बदलली?’’ दिल्लीच्या स्टुडिओत बसलेला माणूस जो शब्द सहज बोलून जात होता, त्यावर तिचं उरलेलं आयुष्य कुठल्या जागी जाणार हे ठरत होतं. माझ्यासाठी इंग्रजी शब्द ही हुशारीची खूण तिथून राहिली नाही. तो कुणाच्या घरापर्यंत पोचतो, हे मी बघायला लागले.

पुढे औरंगाबादला शिकायला गेले. होस्टेलच्या मेसमध्ये केबल होती, स्टार न्यूजवर ‘द बिग फाइट’ लागायचं. 17 एप्रिल 1999ला मात्र आम्ही सगळ्या लोकसभा बघत होतो. जयललितांनी पाठिंबा काढला होता, वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बाजूने 269, विरोधात 270. एका मताने सरकार पडलं, आणि त्या एका मताभोवती किती शब्द होते! मायावतींचा पक्ष ‘अब्स्टेन’ करणार अशी सगळ्यांची समजूत होती, त्यांनी विरोधात मत दिलं. सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा ‘व्हिप’ मोडला. गिरिधर गमांग ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडली नव्हती. ते येऊन मत देऊन गेले आणि ‘प्रोप्रायटी’वर पुढे कितीतरी दिवस वाद झाला. कायद्याने चालतं, पण शोभतं का? हा फरक दाखवायला मला आजही याहून चांगलं उदाहरण सुचत नाही.

राजकीय चर्चा ऐकून भाषा का येते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण आता मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीच शिकवते. घटना आपल्याला आपल्या भाषेत आधीच माहीत असते. सकाळी मराठी पेपर वाचलेला असतो, पारावर चर्चा झालेली असते. इंग्रजीत फक्त शब्द नवे असतात. तेच शब्द आठवडाभर रोज येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरचा माणूस तीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. एक म्हणतो ‘डिफेक्शन’, दुसरा म्हणतो ‘कॉन्शन्स’. दोन्ही शब्द एकाच कृतीसाठी आलेले ऐकले की शब्दाबरोबर तो वापरणाराही दिसू लागतो. ही समज पाठ्यपुस्तकातल्या समानार्थी शब्दांच्या यादीतून येत नाही.

अशा इंग्रजीला उणिवाही होत्या. पुण्यात नोकरीला लागल्यावर दवाखान्यात दुखणं सांगायला मला शब्द शोधावे लागायचे. शरीर, स्वयंपाक, माया यांचं इंग्रजी मी फार उशिरा, कथा-कादंबऱ्यांतून मिळवलं.

आजच्या चर्चा मुलांना ऐकवाव्यात असं मला वाटत नाही, आणि याचं वाईट वाटतं. पडद्यावर आठ चौकटी, आठ माणसं एकदम बोलणारी. शिकणाऱ्याला पुरं वाक्य लागतं, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत, आणि तेच तिथे मिळत नाही. ओरडण्यातून फार तर चार विशेषणं हाती लागतात. खेड्यातल्या मुलीसाठी हे मोठं नुकसान आहे. शिकवणीला पैसे नसलेल्या घरात टीव्ही हा एकच इंग्रजी बोलणारा माणूस असतो.

म्हणून मी वर्गात सभागृहाच्या जुन्या चित्रफिती लावते. सोमनाथ चटर्जी, इंद्रजित गुप्त, जसवंत सिंग. पक्ष कुठलाही असो, वाक्य पुरं करणारी माणसं. त्यादिवशी जुलै 2008ची अणुकराराच्या वेळची विश्वासदर्शक ठरावावरची चर्चा लावली होती, 275 विरुद्ध 256. शेवटी आकडे आले तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, जे अब्स्टेन राहिले त्यांना कारण सांगावं लागतं का?’’ तिचे वडील ग्रामपंचायत सदस्य आहेत, आणि गेल्याच महिन्यात सरपंचावर अविश्वास ठराव आला होता. मी उत्तर द्यायच्या आत दोन मुलं तिच्याशी वाद घालायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मी त्यांना एकच अट घातली: एकाचं वाक्य संपल्यावरच दुसऱ्याने बोलायचं.