पिवळ्या दगडापाशी गाडी थांबवा

बोनेअर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून जो अरुंद रस्ता जातो, त्याच्या कडेला थोड्याथोड्या अंतरावर पिवळे रंगवलेले दगड दिसतात. प्रत्येकावर काळ्या अक्षरांत एक नाव असतं. दगडाशेजारी एखादा पिकअप ट्रक उभा असतो, मागच्या हौद्यात हवेचे सिलिंडर रचलेले असतात आणि ट्रकमधून आलेली मंडळी पाण्याखाली गेलेली असतात. बोट नाही, बोटीची वेळ नाही, पुढे पोहणारा वाटाड्या नाही. दगड पाहायचा, गाडी थांबवायची, साज चढवायचा आणि चालत समुद्रात उतरायचं.

जगभरात बहुतेक ठिकाणी स्कूबा डायव्हिंग म्हणजे बोटीवरची सहल असते. कुठे जायचं, किती खोल, किती वेळ, परत कधी, हे सगळं बोटीवरचा प्रमुख ठरवतो. बोनेअरमध्ये ते डायव्हरला स्वतः ठरवावं लागतं. तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला बोटीतून उतरून डायव्हिंग शिकलेल्या मराठी डायव्हरला हा बदल मोठा वाटतो. इथल्या सुट्टीची आखणी हॉटेल आणि विमानापाशी संपत नाही, आणि किनाऱ्यावरचं डायव्हिंग बोटीपेक्षा सोपं ही समजूतही खरी नाही. ते अधिक मोकळं आहे. तो मोकळेपणा पेलायला सराव लागतो.

आधी बेट समजून घ्यावं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ऐंशी किलोमीटर उत्तरेला, अरुबा आणि क्युरासाव यांच्या रांगेत बोनेअर आहे. क्षेत्रफळ जेमतेम २८८ चौरस किलोमीटर. व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला असतो आणि पश्चिम किनारा बेटाच्याच आडोशाला शांत राहतो. पाऊस कमी, जमीन काटेरी निवडुंगांची, बारमाही नदी एकही नाही. कोकणात पावसाळी नद्या गाळ घेऊन समुद्रात उतरतात आणि पाणी कित्येक महिने गढूळ राहतं. इथे गाळ आणणारं फारसं काही नाही, म्हणून तीस मीटरपर्यंत दिसणं हे रोजचंच. शिवाय प्रवाळभित्ती किनाऱ्याच्या अगदी लगत आहे. वाळूच्या उथळ पट्ट्यावरून थोडं पोहलं की साधारण दहा मीटर खोलीवर उतार सुरू होतो आणि तिथून प्रवाळ थेट खोल निळ्यात उतरत जातं.

निसर्गाने एवढं दिलं, आणि बेटाने ते वेळीच जपलं. कासवांच्या अंड्यांना आणि घरट्यांना इथे १९६१ मध्येच संरक्षण मिळालं. १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यावर बंदी आली, १९७५ मध्ये प्रवाळ तोडण्यावर, आणि १९७९ मध्ये बेटाभोवतीचा समुद्र भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंत सागरी उद्यान म्हणून राखीव झाला. या इतिहासात कॅप्टन डॉन स्टुअर्ट यांचं नाव घ्यावंच लागतं. हा अमेरिकन खलाशी १९६२ मध्ये शिडाच्या जहाजातून इथे आला आणि इथलाच झाला. १९७६ मध्ये त्याने फक्त डायव्हरांसाठी हॉटेल काढलं, आणि बोटींनी प्रवाळावर नांगर टाकू नये, कायमच्या बोयांना दोर बांधावा, यासाठी तो झटत राहिला. २०१४ मध्ये तो गेला. आज उद्यानात नांगर टाकता येत नाही, हातमोजे घालता येत नाहीत, कारण हातमोजे घातलेला माणूस नकळत प्रवाळाला धरतो. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीनही बेटावर विकता येत नाही. कोणी याला जाच म्हणालं तर मला पटत नाही. या नियमांमुळेच तर पाहायला काही उरलं आहे.

उद्यानाचं काम स्टिनापा ही संस्था बघते. पाण्यात उतरण्याआधी तिचं निसर्गशुल्क भरावं लागतं. ते ऑनलाइन भरता येतं. बेटावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळा प्रवेशकर आहे. दोन्हींचे दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजे आकडे पाहावेत. चलन अमेरिकन डॉलर. बोनेअर २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, तरी ते शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे जाणाऱ्याने शेंगेन व्हिसाच्या भरवशावर तिकीट काढू नये. कॅरिबियन भागाच्या व्हिसाचे नियम वेगळे आहेत, ते आधी तपासावेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रवास फार सोपा आहे, तिथल्या काही मोठ्या शहरांतून थेट विमान मिळतं.

हवामानाची काळजी कमी. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी वादळ पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने सरकलं आणि त्याच्या लाटांनी शांत पश्चिम किनाऱ्यावरचं उथळ प्रवाळ मोडून टाकलं. पाण्याचं तापमान वर्षभर २६ ते २९ अंशांच्या आसपास असतं. तीन मिलिमीटरचा सूट बहुतेकांना पुरतो.

आता गाडी. पिकअप ट्रक इथे चैनीची गोष्ट नाही, ते कामाचं वाहन आहे. तो महिनोन्‌महिने आधी राखून ठेवावा, विशेषतः नाताळच्या दिवसांत. मात्र गाडीत मौल्यवान काही ठेवू नये. निर्जन जागी उभ्या गाड्यांतून वस्तू जातात, म्हणून इथली रीत अशी की पासपोर्ट, फोन, पैसे खोलीवरच राहतात आणि गाडी कुलूप न लावता सोडतात, निदान काच तरी फुटत नाही. सोबत पाणी, टॉवेल आणि एक सुटी चावी असली की झालं.

सामानात मी सर्वात आधी बूट पाहतो. जाड तळव्याचे बूट आणि त्यांवर चढणारे, मागून पट्ट्याचे फिन. किनारा बऱ्याच ठिकाणी मृत प्रवाळाच्या धारदार खडकाचा आहे. अनवाणी पायावर चढणारे फिन घेऊन आलेला माणूस इथे पहिल्याच दिवशी अडकतो.

पाण्यात शिरणं आणि बाहेर येणं, किनाऱ्यावरच्या डायव्हिंगची खरी परीक्षा इथे असते. उतरण्यापूर्वी पाच मिनिटं काठावर उभं राहून लाटा पाहाव्यात. त्या गटागटाने येतात, मोठ्या तीन-चार आल्या की मध्ये उसंत मिळते, ती पकडायची. जॅकेटमध्ये हवा भरलेली, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, फिन हातात. जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून, पाय न उचलता घसटत पुढे जायचं, कारण खळग्यांत समुद्रसाळू बसलेले असतात. कंबरभर पाण्यात पोचल्यावर एकमेकांना धरून फिन चढवायचे. परतताना उलट क्रम, आणि पाय पक्क्या जमिनीवर टेकेपर्यंत रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही. थकलेला माणूस गुडघाभर पाण्यात मास्क कपाळावर ढकलून उभा राहतो आणि नेमकी तेव्हाच मागून लाट येते. ज्याला आधाराशिवाय सिलिंडर पाठीवर घेऊन उभं राहता येत नाही, त्याने या सुट्टीपूर्वी दोन-तीन महिने पायांचा व्यायाम करावा.

बहुतेक डायव्हिंग केंद्रं आल्या दिवशी नियम समजावून सांगतात आणि पहिली बुडी स्वतःच्या धक्क्यासमोरच मारायला लावतात. ती टाळू नये. किती वजन लागतं, सूट कसा तरंगतो, मास्क गळतो का, हे तिथेच कळतं.

हवेचा हिशेब काठावरच मांडावा. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये सुमारे अकरा लिटर जागा असते. २०० बारला साधारण २२०० लिटर हवा, त्यातली ५० बार राखीव, म्हणजे वापरायला १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्या माणसाला दहा मीटरवर दाब दुप्पट झाल्याने चाळीस लिटर लागतात, वीस मीटरवर साठ. तीच हवा दहा मीटरवर एक्केचाळीस मिनिटं पुरते, वीस मीटरवर सत्तावीस. म्हणून सुरुवात खोलात आणि प्रवाहाविरुद्ध करावी. १३०-१४० बार उरले की वळावं आणि वर चढून प्रवाहाच्या साथीने आठ-नऊ मीटरवरून परत यावं. शेवटचा पाच मीटरवरचा थांबा उथळ पट्ट्यावर आपोआपच होतो, आणि तिथे मासेही सर्वात जास्त दिसतात. रोज तीन-चार बुड्या मारायच्या असतील तर ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सचा अभ्यासक्रम घरूनच करून यावा. मनोरंजनात्मक डायव्हिंगच्या प्रचलित तक्त्यांत अठरा मीटरवर थांब्याविना वर येण्याची मर्यादा साध्या हवेला ५६ मिनिटं आहे, ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला ९५. बदल्यात तेहतीस मीटरखाली जाता येत नाही.

जागांचा क्रम हलक्यापासून अवघडाकडे असावा. नोंदलेल्या जागा पंच्याऐंशीहून अधिक आहेत, त्यांतल्या पन्नासहून अधिक किनाऱ्यावरून गाठता येतात. सगळ्या उरकण्याच्या मागे लागू नये. एकच जागा सकाळी, दुपारी आणि रात्री पाहिली तर तीन वेगळे समुद्र भेटतात. उत्तरेला ‘थाउजंड स्टेप्स’ आहे. प्रत्यक्षात पायऱ्या सत्तरच्या आसपास. नाव पडलं ते सिलिंडर घेऊन वर चढणाऱ्यांमुळे. तिथून पुढे कारपाताकडे जाणारा रस्ता एकेरी आहे, परतायचं तर रिंकोन गावावरून वळसा पडतो, तेव्हा सिलिंडर मोजूनच निघावं.

दक्षिणेला मिठागरं, गुलाबी पाणी, रोहित पक्षी आणि पांढरे मिठाचे डोंगर. जहाजात मीठ भरायचा धक्का, ‘सॉल्ट पिअर’, जहाज लागलेलं असताना डायव्हरांना बंद असतो. नसेल तेव्हा त्याचे खांब स्पंजांनी नखशिखान्त मढलेले दिसतात. थोडं पुढे रस्त्याकाठी कमरेइतक्या दारांच्या दगडी झोपड्या आहेत. १८५० च्या सुमारास मिठागरांत राबणाऱ्या गुलामांसाठी त्या बांधल्या गेल्या. तिथे ओल्या सुटात का होईना, थांबावं.

याच बाजूला ‘हिल्मा हूकर’ हे बहात्तर मीटर लांबीचं मालवाहू जहाज निजलं आहे. १९८४ मध्ये ते बिघडलेल्या अवस्थेत बेटाच्या क्रालेंडाइक बंदरात ओढून आणलं गेलं. तपासणीत खोट्या भिंतीमागे सुमारे अकरा टन गांजा सापडला. मालक पुढे आला नाही, जहाजात पाणी शिरत राहिलं. धक्क्यालाच बुडेल या भीतीने ते दूर नेऊन नांगरलं, आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी ते दोन प्रवाळरांगांमधल्या वाळूवर, उजव्या कुशीवर जाऊन पडलं. तळ तीस मीटरवर आहे. इथे हवा भराभर संपते, त्यामुळे ही दिवसाची पहिली बुडी असावी आणि नवख्यांनी जहाजाच्या आत शिरू नये.

तारखा ठरवण्याआधी चंद्राचं कॅलेंडर जरूर पाहावं. पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या रात्री चंद्र उशिरा उगवतो आणि सूर्यास्तानंतर काही काळ पूर्ण अंधार मिळतो. त्या अंधारात, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, मिलिमीटरभर आकाराचे ऑस्ट्राकॉड नर मादीला खुणावण्यासाठी निळ्या प्रकाशाचे ठिपके एकामागोमाग एक सोडत पाण्यातून वर सरकतात. ते पाहायला टॉर्च विझवून स्थिर तरंगावं लागतं, म्हणून ती जागा आधी दिवसा पाहिलेली असावी. टॉर्च लावली की दीड-दीड मीटरचे टार्पन मासे शेजारी येतात आणि तुमच्याच उजेडात शिकार साधतात. ते तुम्हाला काही करत नाहीत. पण झोपलेल्या माशावर उजेड रोखून धरू नये.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. प्रवाळाच्या ऊती झडत जाण्याचा जो रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात प्रथम आढळला, तो मार्च २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. मेंदूसारख्या वळ्यांची, शेकडो वर्षं वाढलेली प्रवाळं त्यात काही आठवड्यांत पांढरी पडतात. म्हणून जागा बदलताना सामान निर्जंतुक करण्याच्या सूचना कटाक्षाने पाळाव्यात, आणि स्टिनापाने एखादी जागा बंद ठेवली असेल तर तिथे उतरू नये. कॅरिबियनमध्ये आधीच डायव्हिंग केलेलं सामान नेत असाल, तर ते निघण्यापूर्वीच धुऊन पूर्ण वाळवा.

शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस आहे. बेटावर दाबकक्ष आहे, तरी त्याची गरज पडू नये असंच वेळापत्रक असावं. त्या दिवशी वॉशिंग्टन स्लाखबाय उद्यानात जाता येतं, पण २४१ मीटरच्या ब्रांडारिसची चढण दमवते आणि उंचीवरही नेते, म्हणून ती शेवटच्या बुडीनंतर लगेच नको. रिंकोनमध्ये बकऱ्याचं ‘स्टोबा’ हे कालवण जेवावं, लाक बेच्या खारफुटीत होडी वल्हवावी, आणि संध्याकाळपूर्वी सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळत घालावं. ओला सूट बॅगेत भरला की विमानाची वजनमर्यादा हमखास ओलांडते.