गोधडीचा कोट

आमच्या वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा आम्हांस सहलीचें वर्णन लिहावयास सांगितलें होतें. लिहावयास बसलों, तों एक जुनी गोष्ट आडवी आली व ती सांगितल्यावांचून पुढें जाववेना. तेव्हां सहल बाजूस ठेवून, हिमालयासारख्या अत्युच्च पर्वतांवर जाणाऱ्यांस कोणती सामग्री व कोणतें शिक्षण लागतें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय आमच्या अधिकाराबाहेरचा आहे, हें प्रथमच कबूल करतों. कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपलीकडे आमचें पाऊल कधीं पडलेलें नाहीं. परंतु गेल्या वर्षीं एका माउलीनें आम्हांस एक प्रश्न विचारला. आणि ज्या विद्यार्थ्याविषयीं तो होता, त्याचे आम्ही एका जुन्या अपराधामुळें ऋणी आहों. म्हणून हें लिहिणें प्राप्त झालें.

अपराध असा. कांहीं वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांत आम्हीं नववीच्या वर्गाची सहल हरिश्चंद्रगडावर नेली होती. गडाची उंची १,४२४ मीटर. हिमालयापुढें ती कांहींच नव्हे, पण त्या दिवसांत वर रात्रीं वारा सुटला म्हणजे हाडें गोठतात. सामानाची यादी आम्हींच केली होती, आणि ती फार अपुरी होती: एक चादर, एक स्वेटर, ताट व तांब्या. निघण्याच्या पहांटे एक मुलगा पोत्याएवढें गांठोडें घेऊन हजर झाला. त्याच्या आईनें जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, बारीक धांवदोरा मारून, चक्क गोधडीचा कोट शिवून दिला होता. शिवाय कपड्यांचा एक जास्त जोड प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून दिला होता. आम्हीं तो कोट उलगडून सगळ्यांना दाखवीत म्हटलें, "हे पाहा आमचे गोधडीबुवा!" मुलें पोट धरून हंसलीं. नांव चिकटलें. तोलारखिंडीपर्यंत त्याच नांवाचा गजर चालला होता, आणि तो मुलगा पाठीवरचें ओझें सांवरीत, मान खालीं घालून चालत होता.

संध्याकाळीं पाणी आणावयास गेलेला दुसरा एक मुलगा टाक्याच्या कांठावरून घसरून पाण्यांत पडला. त्याला लगेच बाहेर काढलें. पण अंगावरचे सुती कपडे चिंब झाले व बदलावयास दुसरे नव्हते. ओलें सुती कापड अंगाची ऊब किती झपाट्यानें ओढून घेतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. शेकोटीजवळ बसला म्हणजे वाळेल, असें आम्ही समजलों. तासाभरानें वारा सुटला. मुलगा प्रथम थडथड कांपत होता. मग त्याचें कांपणें थांबलें, आणि आम्ही निर्धास्त झालों. वास्तविक भिण्याची वेळ तीच होती. थोड्या वेळानें तो बोलतांना अडखळूं लागला. कांहीं विचारावें तर धड उत्तर देईना. तेव्हां आमचा गोधडीबुवा उठला. त्यानें कोणासहि न विचारतां त्या मुलाचे ओले कपडे काढले, आपला सुका जोड त्याला घातला, वर तो कोट चढविला आणि स्वतः नुसत्या चादरींत त्याला बिलगून बसला. आम्हीं गुळाचें गरम पाणी करून घोट घोट पाजलें. मध्यरात्रीच्या सुमारास मुलगा "भूक लागली" म्हणाला, तेव्हां आमचा जीव खालीं पडला. सकाळीं आम्हीं त्या विद्यार्थ्याची पाठ थोपटली. पण दिलेलें नांव मागें घेतलें नाहीं. तें शाळा सुटेपर्यंत त्याच्यामागें राहिलें.

तो विद्यार्थी आतां महाविद्यालयांत शिकत आहे. उत्तरकाशी येथें १९६५ सालीं स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तिच्या प्राथमिक वर्गास जाण्याचें त्यानें ठरविलें. एके दिवशीं संध्याकाळीं त्याची आई आमच्या घरीं आली. ऑक्टोबर २०२२ मध्यें द्रौपदी का डांडा या शिखरावर त्याच संस्थेच्या प्रगत वर्गाच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून पंचविसांहून अधिक जण प्राणांस मुकले. ती बातमी कोणीतरी तिच्या कानांवर घातली होती. "पाठवूं का नको?" असें ती विचारील, म्हणून आम्हीं मनांत उत्तराची जुळवाजुळव करूं लागलों होतों. पण तिनें विचारलें तें निराळेंच. ती म्हणाली, "सर, चढायला शिकवतात ते खरं. पण परत फिरायला शिकवतात का तिथं?"

आम्हांस उत्तर देतां येईना. "चौकशी करून सांगतों," एवढेंच बोलून आम्हीं तिला निरोप दिला.

आमच्यासारख्या शिक्षकाची चौकशी ती काय? पुस्तकें चाळणें व जुने वृत्तांत वाचणें. तसें वाचतां वाचतां आम्हांस दुसरा एक कोट भेटला. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंत जॉर्ज इंगल फिंच नांवाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. इतर मंडळी लोकरीचे कपडे व गॅबर्डिनचे कोट घालून निघालीं. फिंच यांनीं मात्र बलूनच्या कापडामध्यें बदकाचीं मऊ पिसें भरून, वर शिवण मारून, एक जाडजूड कोट करविला होता. त्यावरून सोबत्यांनीं त्यांची थट्टा केली. पुढें थंडी झोंबूं लागली, तेव्हां हंसणारांनाच त्या कोटाचा हेवा वाटूं लागला. आज उंच शिखरांवर जाणारा प्रत्येक जण पिसांचा कोट घालतो; त्या सर्व कोटांचा पूर्वज तो एक हास्यास्पद कोट होय. विशेष हें कीं, हेच फिंच पुढें १९५२ ते १९५७ पर्यंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. विद्यार्थिदशेंत आम्ही पाषाणच्या रस्त्यानें त्या प्रयोगशाळेवरून सायकलीनें कितीदां तरी गेलों असूं. परंतु हें तेव्हां ठाऊक नव्हतें.

फिंच यांनीं कोटाइतकाच आग्रह प्राणवायूच्या नळकांड्यांविषयीं धरला. त्याचें कारण समजण्यासारखें आहे. हवेंत प्राणवायूचें प्रमाण सर्वत्र तेंच, म्हणजे शेंकडा सुमारें २१ असतें. पण जसजसें उंच जावें तसतसा हवेचा दाब घटतो. सुमारें ५,५०० मीटरांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तर एक-तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत जाणारा प्राणवायूहि तितकाच घटतो. त्यानें डोकें दुखतें, अन्न नकोसें होतें, झोंप येत नाहीं. कोणाच्या फुप्फुसांत पाणी सांठतें, तर कोणाच्या मेंदूस सूज येते. मेंदूस सूज आलेल्या माणसाचे पाय झोकांड्या खातात, तरी "मी ठीक आहें" असेंच तो सांगतो. अशा वेळीं विलंब न करतां त्याला खालीं उतरविणें हा मुख्य उपाय.

म्हणून पर्वतावरचा पहिला धडा सावकाशीचा आहे. ३,००० मीटरांपलीकडे गेल्यावर रात्रीचा मुक्काम रोज सुमारें ५०० मीटरांहून अधिक वर नेऊं नये, व तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा. दिवसा वर चढून रात्रीं खालीं येऊन झोंपावें, असा जाणत्यांचा नियम आहे. शरीर हळूहळू त्या हवेस सरावतें. त्यास घाई मुळींच खपत नाहीं. कपड्यांचा नियमहि तितकाच सोपा आहे. अंगालगत घाम शोषून बाहेर सोडणारा लोकरी अथवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर ऊब धरणारा, आणि सर्वांवर वारा व बर्फ अडविणारा, असे तीन थर हवेत. सुती कापडास तेथें स्थान नाहीं. डोळ्यांस काळा चष्मा नसेल, तर बर्फावरच्या उन्हानें थोड्या तासांत तात्पुरतें आंधळेपण येतें. बुटांस खालून लोखंडी दांत्यांचे क्रॅम्पॉन, हातीं हिमकुऱ्हाड, कमरेस पट्टा व त्यांतून ओंवलेला नायलॉनचा दोर, हीं बाकीचीं मुख्य साधनें. परंतु हिमकुऱ्हाड हातीं असणें निराळें आणि घसरूं लागल्याबरोबर पालथें होऊन, तिचें टोंक बर्फांत रोवून स्वतःस थांबविणें निराळें. तें शेंकडों वेळां मुद्दाम घसरून शिकावें लागतें. साधन विकत अथवा उसनें मिळतें. संवय मिळत नाहीं.

आतां त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळूं. २७ मे १९२२ रोजीं फिंच व जेफ्री ब्रूस हे दोघे पाठीवर नळकांडीं घेऊन एव्हरेस्टच्या उत्तर अंगानें सुमारें ८,३२० मीटरांपर्यंत पोंचले. इतक्या उंचीवर तोंवर कोणीहि मनुष्य पायीं गेला नव्हता. ब्रूस यांची तर ही मोठ्या पर्वतावरची पहिलीच चढाई. तेथें ब्रूस यांच्या यंत्रांतली एक कांचेची नळी फुटली व त्यांचा प्राणवायू बंद पडला. फिंच यांनीं आपल्या यंत्रांतला प्राणवायू त्यांस दिला, नळी दुरुस्त केली, आणि मग आपल्या सोबत्याची अवस्था निरखली. माथा अजून सुमारें ५३० मीटर वर होता. आणखी चढल्यास दोघांचेंहि जिवंत परतणें नाहीं, हें त्यांनीं ओळखलें आणि ते माघारीं फिरले. पुढें ७ जूनला त्याच मोहिमेची दुसरी तुकडी ताज्या बर्फानें भरलेल्या उतारावरून वर निघाली. बर्फ कोसळून सात हमाल गाडले गेले. मोहिमेनें एकाच पंधरवड्यांत दोन धडे दिले. पहिल्या धड्याचें कोणासहि दुःख नाहीं, दुसऱ्याचें मोल सात घरांनीं दिलें.

हें सर्व आम्हीं त्या बाईंस त्यांच्या घरीं जाऊन सांगितलें. शिकलेल्यांवरहि पर्वत कोसळतो, हेंहि लपविलें नाहीं. "भिऊं नका" असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. जो शिकेल त्याचा धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. फिंच यांच्या पिसांच्या कोटाची गोष्ट निघाली, तेव्हां त्या एकदम थांबवून म्हणाल्या, "त्यांना पण हसले होते का, सर?" आम्हांस मान वर करवेना. बाजूस तो विद्यार्थी उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. आईनें दुसऱ्या दिवशीं संमतीच्या कागदावर सही केली.

तो गेला. त्यापूर्वीं तीन महिने रोज पहांटे धांवला, पाठीवर वाळूची पिशवी बांधून टेकडी चढला-उतरला. तेथें प्रथम टेखलाच्या खडकांवर गांठी, दोर व उतरणें शिकला. मग डोकरियाणी हिमनदीवर बर्फांतलें चालणें, घसरणें व थांबणें. शेवटीं ठराविक उंची गांठण्याचा दिवस आला. सकाळीं निघाले, दुपारपूर्वींच धुकें दाटलें, बर्फ पडूं लागलें. ठरलेली जागा डोळ्यांसमोर होती. प्रशिक्षकांनीं घड्याळ पाहिलें, तुकडीवर नजर फिरविली आणि सर्वांस माघारीं वळविलें. कांहीं मुलें रडलीं. आमचा विद्यार्थी सांगतो कीं, त्यासहि रडूं आलें होतें. परंतु आईचा प्रश्न आठवून तें थांबलें.

परत आल्यावर त्यानें चढाईचें वर्णन करण्याआधीं आईस एकच शब्द सांगितला: "शिकवतात."

आमचें सांगणें संपलें. विद्यार्थिमित्रहो, येत्या डिसेंबरांत सहल निघेल. यादी आम्हीं नव्यानें केली आहे: लोकरीचे कपडे, सुक्या कपड्यांचा एक जोड पिशवींत बांधून, टोपी, विजेरी, गूळ, आणि दुपारीं दोन वाजतां जेथें असूं तेथून माघार, असा नियम. ती यादी तपासण्याचें काम त्या विद्यार्थ्यानें पत्करलें आहे व तो आमच्याबरोबर येणार आहे. जो कोणी यादीपेक्षां अधिक आणील, त्याचें गांठोडें कोणीहि उलगडून दाखवूं नये. आणि तें नांव, जें आम्हीं एका पहांटे चार पोरांस हंसविण्यासाठीं त्याला दिलें, तें आज या छापील पानावर, सर्वांसमक्ष, आम्ही परत घेत आहों.