पहिलें नांव

चामोर्शीच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितां शिकवितां आमचे केस पिकले. परंतु आमच्याच एका निबंधाची उलटतपासणी व्हावी, असा प्रसंग गेल्या पावसाळ्यापर्यंत आला नव्हता. अमेरिकेंत जलशुद्धीवर संशोधन करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. तेथें कायमचें राहतां यावें म्हणून तो अर्ज करीत आहे व पुराव्यादाखल आपले प्रकाशित निबंध जोडीत आहे. त्यांतील पहिल्यावर त्याच्या नांवाआधीं आमचें नांव आहे. "सर, या निबंधाविषयीं आपलें साक्षीपत्र हवें," एवढीच विनंती. सोबत सहीपुरता मसुदाही होता.

सही करण्यापूर्वीं आम्हीं त्या अर्जाचे नियम वाचले. असामान्य योग्यतेच्या परकीयास कोणा मालकाच्या आधारावांचून हा अर्ज करतां येतो. एखादें जगन्मान्य पारितोषिक पदरीं नसेल, तर दहा प्रकारच्या पुराव्यांपैकीं निदान तीन दाखवावे लागतात. विद्वन्मान्य नियतकालिकांतील लेखन हा त्यांतला एक. आपल्या विषयांत मोठें महत्त्व पावलेलें स्वतंत्र कार्य हा दुसरा. २०१० सालीं काझारियन नांवाच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाच्या खटल्यांत तेथील अपील न्यायालयानें सांगितलें कीं, लेखनाच्या पुराव्यापुरतें लेख छापला जाणें पुरे. इतर विद्वानांनीं त्याची दखल घेतली कीं नाहीं, हें अखेरच्या तोलांत पाहावें. त्याचा स्वतःचा अर्ज मात्र फेटाळलेलाच राहिला.

हा भेद आम्हां गडचिरोलीकरांस नवा नाहीं. नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेवरील डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आला. पुढें २०११ सालीं भारत सरकारनें तशीच शुश्रूषा आशा सेविकांच्या हातीं सोंपविली. छापून येणें निराळें आणि कोणाच्या उपयोगीं पडणें निराळें.

आमचा निबंध विहिरींच्या व हातपंपांच्या पाण्यांतील फ्लोराइडविषयीं. मसुद्यांत 'सरांच्या मार्गदर्शनाखालीं' हे शब्द तीनदां आले होते. खरें पाहतां, वैशाखाच्या उन्हांत सायकलीवर बाटल्या बांधून गांवोगांव फिरला तो. मुलांचे डागाळलेले दांत पाहून प्रश्न सुचला तोही त्यालाच. आम्हीं इंग्रजी सुधारलें आणि आपलें नांव आधीं घातलें. तशी रीतच होती, असें म्हणून आम्ही पंधरा वर्षें स्वस्थ होतों. आतां तीच रीत त्याच्या वाटेंत आडवी येत होती. काम गुरूचें ठरलें, तर शिष्यानें पुरावा म्हणून काय दाखवावें?

मसुदा बाजूस ठेवून आम्हीं स्वतःच पत्र लिहिलें. नमुने कोणीं घेतले, प्रश्न कोणाचा, आमचा वांटा किती, सारें लिहिलें. निबंधानें शास्त्राची दिशा बदलली असें लिहिलें नाहीं. एका गांवीं दूषित हातपंपास तांबडा रंग लागला व बायका दुसऱ्या पाण्यावर जाऊं लागल्या, एवढें मात्र लिहिलें.

अर्जाचा निकाल अद्याप यावयाचा आहे. हें पत्र आम्हीं पंधरा वर्षांपूर्वीं, आणि कोणी न मागतां, लिहावयास हवें होतें.