पाटणच्या राण्या आणि खंबायतचे मणी

आमच्या घरी आजीची म्हणून अकिकाची एक माळ आहे. सोन्यामोत्यांच्या डब्यात तिला कधीच स्थान मिळाले नाही. देवघराच्या खणात, वाती आणि अष्टगंधाच्या शेजारी ती पडलेली असे. आजीच्या सासूबाई बडोद्यास आल्या त्या वर्षी त्यांनी ती खंबायतहून आणविली, एवढाच तिचा इतिहास. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तिचा दोरा तुटला. चोपन्नांपैकी त्रेपन्न मणी सापडले, एक गेला तो गेलाच. आमच्या सोनाराने ते तळहातावर घेऊन पाहिले आणि, "बेन, याला आता कोण ओवीत बसणार?" असे म्हणून परत दिले. तेव्हा मनाशी ठरविले की, ज्या गावचे मणी त्याच गावी न्यायचे.

योग आला तो मार्गशीर्षात. अहमदाबादच्या वन्सं पुष्कळ दिवस बोलावीत होत्या. त्यांच्याबरोबर आधी पाटण पाहावे आणि परतताना खंबायत करावे, असा बेत ठरला. मणी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले आणि निघाले.

पाटण हे जुन्या बडोदे संस्थानातले गाव. त्यामुळे आमच्या पिढीला त्याचे नाव परके नाही. आजोबा तेथे काही काळ नोकरीस होते. ते सांगत की, 'राणीनी वाव' म्हणजे गाळाने बुजलेला एक प्रचंड खड्डा आणि त्यातून वर आलेले चारदोन खांब. सरस्वती नदीच्या गाळाने शतकानुशतके झाकलेली ही विहीर १९८१ ते १९८७ या काळात पुरातत्त्व खात्याने मोकळी केली. २०१४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि २०१८ पासून शंभराच्या नोटेवर तिचे चित्र आहे. आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी चष्मा काढून हसून घेतले असते.

वाव सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल आहे. पण आकडे काही सांगत नाहीत. एकेक पायरी उतरावी तसा वरचा उजेड मंदावतो, हवा गार होते आणि दोन्ही भिंतींवरून माणसे आपल्याकडे पाहू लागतात. विष्णूचे अवतार आहेतच. पण त्यांच्या मधूनमधून बायका आहेत. कोणी आरसा धरून उभी, कोणी पायात नूपुर घालते आहे. एक न्हाऊन केस पिळते आहे आणि केसांतून गळणारे थेंब मोती समजून एक हंस चोच वर करून ते टिपतो आहे. वन्सं तिच्यापुढून हलेनात. प्रत्येकीच्या गळ्यात माळा, कंबरेला पदर सुटलेली मेखला, दंडावर मण्यांचे पदर. दगडाला रंग नाही, त्यामुळे शिल्पकाराच्या मनात मोती होते की अकीक, हे ज्याने त्याने ठरवावे. मी अर्थातच माझ्या रुमालाच्या बाजूने कौल दिला.

ही वाव बांधविली ती सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाच्या राणीने, उदयमतीने, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात. चौदाव्या शतकाच्या आरंभी मेरुतुंगाने लिहिलेल्या 'प्रबंधचिंतामणी'त याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात तिची आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती वावेहूनही मोठी वाटते. उदयमतीच्या मुलाशी, कर्णाशी, विवाह करण्याच्या निश्चयाने कदंब राजा जयकेशीची मुलगी मयणल्ला पाटणला आली. गुजरात तिला मीनलदेवी म्हणून ओळखतो. हे कदंब गोव्याचे; हेमचंद्राने तिच्या माहेरचे नाव चंद्रपूर दिले आहे, म्हणजे आजचे चांदोर. कर्णाला तिचे रूप मानवले नाही आणि त्याने नकार दिला. परमुलखात आलेली ती मुलगी सख्यांसह जीव द्यायला निघाली, तेव्हा सासू होऊ घातलेल्या उदयमतीने आपणही तिच्याबरोबर प्राण देणार असल्याचे मुलाला कळविले. लग्न झाले. हेमचंद्र हीच हकीकत निराळी सांगतो. त्याच्या काव्यात कर्ण तिचे चित्र पाहूनच मोहित होतो. दरबारच्या कवीला असेच लिहिणे भाग असावे. मला मेरुतुंगाची सासू खरी वाटते.

हीच मीनलदेवी पुढे सिद्धराज जयसिंहाची आई झाली. सोमनाथाच्या वाटेवर बाहुलोड येथे यात्रेकरूंकडून कर घेत. पैसे नसलेली माणसे रडत परत फिरताना पाहून तीही दर्शन न घेता मागे वळली आणि मुलाकडून तो कर माफ करवून घेतला. बहात्तर लाखांचे उत्पन्न सोडले, असे मेरुतुंग सांगतो. बडोदे आणि गोवा यांच्यामध्ये एवढी जुनी सोयरीक आहे, हे आमच्या वन्सांना ठाऊक नव्हते. मलाही ते फार उशिरा कळले.

दुसऱ्या दिवशी खंबायत. पाटणचे वैभव डोळ्यांत घेऊन येणाऱ्याला हे गाव प्रथम ओकेबोके वाटते. एके काळचे हे केवढे बंदर. पण आखात गाळाने भरले आणि जहाजे निघून गेली. अकीक मात्र राहिला. दगड येथला नव्हे. तो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतून येतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोझा या पोर्तुगीजाने या दगडाची आणि खंबायतच्या कारागिरांची वाखाणणी केली आहे. तेथून जवळच, लोथल येथे, चार हजार वर्षांपूर्वीचा मण्यांचा कारखाना सापडला आहे.

आम्ही ज्या घरी गेलो तेथले काका सत्तरीचे होते. खाणीतला दगड मातकट असतो. उन्हात वाळवून मातीच्या भांड्यात शेणाच्या आचेवर रात्रभर भाजला की त्यातले लोह रंग बदलते आणि तो लाल होतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवून त्यांनी शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकला, तशी कपची उडाली. भोक पाडायला हिऱ्याचे टोक बसविलेला सामता. एक हात धनुकली ओढतो आणि मण्यावर पाणी ठिबकत राहते. दोन्ही बाजूंनी पाडलेली भोके मधोमध अचूक भेटली पाहिजेत.

बोलताना काकांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. विजेच्या चाकावर दगड घासताना उडणारी बारीक पूड छातीत बसते. सिलिकोसिस म्हणतात त्या रोगाला, आणि तो बरा होत नाही. काम घरातच चालते, म्हणून पूड घासणाऱ्यापुरती राहत नाही. घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही ती सोडत नाही. त्यांचे थोरले बंधू याच खोकल्याने गेले. मुलाने हे काम शिकायचे नाही, असे काकांनीच त्याला बजावले. तो आणंदला मोबाइलच्या दुकानात आहे. कला टिकली पाहिजे, असे काहीतरी बोलण्याच्या तयारीने मी गेले होते. ते शब्द तसेच राहिले.

आजीचे मणी त्यांनी एकेक करून उजेडात धरले. "हे हाताने घासलेले," म्हणाले. चोपन्नावा मणी त्यांनी आपल्या डब्यातून शोधून दिला. तो थोडा जास्त लाल आहे. ओवण्याचे काम त्यांच्या सुनेचे. तिने दोन मण्यांमध्ये एकेक गाठ मारीत तासाभरात माळ पुरी केली, म्हणजे पुन्हा दोरा तुटला तरी मणी विखुरणार नाहीत. वन्सं तिच्याशेजारी जमिनीवर बसून गाठ कशी मारायची ते शिकत होत्या.

निघताना मी तिचे नाव विचारले. ती आधी लाजली, मग सांगितले. घरी आल्यावर ते एका चिठ्ठीवर लिहिले, खाली तारीख घातली आणि चिठ्ठी माळेच्या डबीत ठेवली आहे.